पायडलवर कोण बसलं?

आमच्या धाकटीला मुलगी झाली त्या वर्षीची ही गोष्ट. बाळंतपण डोंगरापलीकडच्या शहरात, जावयाच्या घरी झालं आणि आमची मंडळी लेकीच्या मदतीला म्हणून तिकडे गेली. जाताना म्हणाली, "दोन-तीन महिन्यांत येते. तोवर घर पेटवू नका."

मी म्हटलं, "स्टोव्ह पेटवता आला तर घर पेटेल ना."

ती हसली. बस वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत राहिली.

घरामागे माझं गॅरेज होतं. गॅरेज म्हणजे पत्र्याचं छप्पर, एक गाडी उभी राहील एवढी जागा आणि भिंतीला टांगलेली हत्यारं. इंजिनाची कामं गावात बरेच जण करत, पण ब्रेक म्हटलं की लोक माझ्याकडे येत.

ब्रेकच्या कामात शेवटी एक पायरी अशी येते की तिला दोन माणसं लागतात. पायडल दाबलं की नळ्यांमधलं तेल पायाचा जोर चाकापर्यंत पोचवतं. त्या तेलात हवेचा बुडबुडा राहिला तर सगळा जोर तो बुडबुडाच खाऊन टाकतो आणि पायडल चिखलात रुतल्यासारखं खाली जातं. म्हणून हवा काढावी लागते. एकाने गाडीत बसून पायडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाशी आडवं पडून तिथलं निपल पान्ह्याने सैल करायचं. निपल म्हणजे एवढासा पोकळ स्क्रू. त्यातून तेल आणि हवा बुडबुडत बाहेर येते. निपल आवळलं की मगच वरच्याने पाय उचलायचा. आधी उचलला की बाहेरची हवा पुन्हा आत शिरते आणि केलेलं सगळं पाण्यात जातं.

वरचं माणूस म्हणजे आमची ही. लग्नानंतर नवीन नवीन असताना तिने एकदा न सांगता पाय उचलला. मी असा ओरडलो की शेजारचं कुत्रं कितीतरी दिवस आमच्या दारात फिरकलं नाही. त्यानंतर तिने असं कधी केलं नाही. मी 'सोड' म्हणेपर्यंत तिचा पाय हलायचा नाही, मग खाली माझ्या डोळ्यात तेल जावो की दारात पाहुणा येऊन उभा राहो. "थांबा हो जरा," ती पाहुण्याला आतूनच सांगायची, "माझा पाय अडकलाय."

विणकाम घेऊन बसायची ती. दाबून झालं की सुया सुरू आणि सुयांबरोबर तोंड सुरू. मी खाली, दातांत निपलला लावायची नळी धरलेली, त्यामुळे मला हूं की चूं करता यायचं नाही. आमच्या घरातले सगळे निर्णय असेच झाले. धाकटीचं स्थळ पक्कं झालं ते एका टॅक्सीच्या मागच्या डाव्या चाकाशी. ती म्हणाली, "मुलगा बरा आहे, जरा कमी बोलतो एवढंच. आपल्या घरात एकाने तरी कमी बोलायला हवंच. तुमचं काय म्हणणं?" मी नळी तोंडातून काढेपर्यंत ती म्हणाली, "मग ठरलं."

आणखी एक खोड होती तिची. ज्या गाडीत बसेल तिचा बाहेरचा आरसा ती खाली वळवून ठेवायची. गिऱ्हाईक कुरकुरायचं, "काकू, आरसा का फिरवता दरवेळी?" ती म्हणायची, "तुमच्या मिस्त्रीचे पाय दिसतात त्यात. हलत असले म्हणजे माणूस आहे अजून."

आता ती गेली, आणि ती गेल्याच्या दुसऱ्याच आठवड्यात बेकरीवाल्याची गाडी आली. पायडल थेट तळाला.

"उद्या पहाटे पाव पोचवायचेत," बेकरीवाला म्हणाला. "काकू कुठायत?"

"लेकीकडे."

"मग पाय कोण मारणार?"

समोर शिंपीमास्तरांचं दुकान. ते धावून आले. म्हणाले, "अहो मिस्त्री, माझा सगळा जन्म पायडलवर गेलाय. तुमचं एक पायडल मला जड आहे होय?" मलाही ते पटलं. मास्तरांना गाडीत बसवलं, मी खाली शिरलो, निपलवर पान्हा लावला आणि म्हटलं, "दाबा."

खटखट खटखट खटखट.

"मास्तर! एकदाच दाबा! आणि धरा!"

"धरलं."

मी निपल सैल केलं. तेल आलं, बुडबुडे आले, आणि तेवढ्यात वर पुन्हा खटखट खटखट. सगळी हवा परत आत.

"अहो मास्तर, ब्रेक आहेत, टीप नाही मारायची!"

"मी मुद्दाम नाही हो करत," मास्तर रडकुंडीला आले. "पाय थांबला की मला वाटतं धागा तुटला. आपोआप चालतो तो."

चार चाकं होईपर्यंत माझा घसा बसला आणि पायडल होतं तिथंच राहिलं. मास्तर खाली उतरले, पाय झटकले, म्हणाले, "तुमची काकू धन्य आहे." आणि दुकानात गेले.

मग मी लाकडाचा दांडका घेतला. पायडल दाबायचं, दांडका पायडल आणि सीट यांच्यामध्ये आडवा घालायचा, उतरायचं, वळसा घालून चाकाशी आडवं व्हायचं, निपल सोडायचं, आवळायचं, उठायचं, दांडका काढायचा, पुन्हा दाबायचं. काम होतं तसं. पण एका चाकाला कितीदा तरी हे करावं लागतं आणि दर उठण्याला माझे गुडघे कडकड वाजायचे. पहाटेच्या पावांसाठी बेकरीवाल्याची गाडी मी तशी करून दिली. घरात जाऊन आडवा झालो तो कुशीवर वळायची पंचाईत.

दुसऱ्या दिवशी बसून विचार केला. पायाचं काम काय? तर वरून तेलावर जोर द्यायचा. तो जोर पायानेच दिला पाहिजे असं कुठे आहे? झाडांवर औषध मारायचा एक जुना हातपंप माझ्याकडे पडून होता. वरचा दांडा खालीवर केला की आत हवा दाटते आणि नळीतून बाहेर येते. तो घासूनपुसून कोरडा केला. भंगारातून ब्रेक ऑइलच्या डबीचं एक झाकण आणलं, म्हणजे गाडीच्या पुढच्या बाजूला ते तेल ठेवायची जी डबी असते तिचं. झाकणाला भोक पाडलं, त्यात टायरट्यूबचा एक व्हॉल्व्ह बसवला, खाली-वर रबराचे वायसर घातले आणि पंपाची नळी त्याला जोडली. चाकात हवा भरायच्या पंपाचं जुनं घड्याळ मध्ये जोडलं, दाब कळायला. हे झाकण डबीवर लावायचं, पंप मारायचा, मग डबीतल्या तेलावर वरून हवेचा दाब बसतो आणि तेल आपणहून चाकाकडे ढकललं जातं. निपल सोडलं की हवा बाहेर. वर कोणी नको.

पहिल्या खेपेला मी दांडा जास्तच खालीवर केला. झाकण बंदुकीच्या गोळीसारखं उडालं आणि तेल सगळ्या बोनेटवर. ब्रेकचं तेल रंग खातं. मी बादल्यांवर बादल्या ओतल्या, तरी बोनेटवर हाताच्या पंजाएवढा रंग उठलाच. बरं, गाडी माझीच होती. दुसरी गोष्ट कळली ती अशी की डबी छोटी आहे, एका चाकाला तेल खाली उतरतं. दर चाकाला झाकण काढून तेल भरलं नाही तर तीच नळी वरून हवा घालते आणि आपण खालून काढत बसतो. चार-पाच गाड्यांवर हात बसल्यावर मात्र यंत्र झकास चाललं. मी एकटाच निपलशी पडायचो, बाटलीत नळी बुडवलेली, बुडबुडे मोजायचे, ते थांबले की आवळायचं. ना दाब, ना धर, ना सोड. गॅरेजात आवाज म्हणजे बाटलीतला तेवढा.

बरं चाललं होतं, आणि तरी मला ते आवडत नव्हतं. एकदा मी मागच्या चाकाखाली असताना वाटलं, आत्ता आपण इथेच गप्प पडून राहिलो तर संध्याकाळी गाडी न्यायला कोणी येईपर्यंत कुणाला कळणार नाही. मी उगाचच पाय हलवून पाहिले.

आमच्या गल्लीत फोन एकच, मास्तरांच्या दुकानात, कापायच्या टेबलावर. रविवारी ही तिकडून करायची. मास्तर हाक मारायचे, मी हात पुसत जायचो. दुकानात कपडे टाकायला आलेली माणसं, कोपऱ्यात पेपर वाचणारे, आणि मास्तर तोंडात टाचण्या धरून मान वाकडी करून उभे. त्यांच्या मशीनचा आवाज फोन आला की हमखास बंद व्हायचा.

बेकरीवाल्याच्या गाडीनंतरच्या फोनला तिने विचारलं, "बेकरीवाल्याची गाडी झाली? मास्तर सांगत होते, त्यांनी मदत केली म्हणे."

"मदत? त्यांनी माझ्या ब्रेकला काजं-बटणं केली."

तिकडे ती हसली. इकडे मास्तरांनी टाचण्या काढून "अहो!" म्हटलं.

"मग पायडलवर कोण बसलं?"

"कोणी नाही," मी म्हटलं. तोवर यंत्र तयार झालं होतं आणि माझी छाती दोन इंच फुगलेली. "मी यंत्रच केलंय. औषधाच्या पंपाचं. आता माणूस लागतच नाही."

"लागतच नाही?"

"अजिबात नाही. एकटा माणूस सगळं करतो. बघायला ये तू, तोंडात बोट घालशील."

ती म्हणाली, "बरं झालं. तुमच्या गुडघ्यांना आराम."

पुढच्या प्रत्येक फोनला मी यंत्राची हकीकत सांगायचो. घड्याळ बसवलं. वायसर बदलला. पलीकडच्या गावचा मिस्त्री बघून गेला आणि त्याने तसंच केलं. दुसरं सांगायचं काय? घर खायला उठतं म्हणून सांगायचं? भात एकदा करपतो आणि एकदा कच्चा राहतो, म्हणून मी बेकरीवाल्याचे उरलेले पाव खातो, हे सांगायचं? मास्तर, पेपरवाले, कपडे टाकायला आलेल्या बायका, सगळे ऐकत असताना? आणि तसंही लेकीच्या घरी पोर लहान, तिथे जीव लावून राहिलेल्या बाईला मागे ओढायचं कशाला, असं मला वाटायचं. ती काळजी करू नये म्हणून मी माझा आवाज मोठा ठेवायचो.

दोन-तीन महिन्यांचे पाच झाले. पोरीला सर्दी झाली, मग दात आले, मग धाकटीला जुन्या कामावर परत घेतो म्हणाले. एका रविवारी धाकटीच फोनवर आली. "बाबा, तुमचं कसं चाललंय? खरं सांगा."

"एकदम मस्त. यंत्र आहे ना."

"आई म्हणत होती की तुमचं आता एकट्याने सगळं जमतं."

"जमतं की."

मग ही फोनवर आली. नेहमीसारखं पाणी येतं का, दूधवाल्याला सांगितलं का, असं झालं. मग म्हणाली, "तिकडे आता माझं काय काम उरलंय म्हणा."

हसत म्हणाली ती. मीही हसत म्हटलं, "काही नाही. तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. तू निवांत राहा."

"हं," ती म्हणाली. "मग राहते."

फोन ठेवला. मास्तर मशीनवर बसले, पण त्यांनी पाय चालवला नाही. माझ्याकडे बघून म्हणाले, "मिस्त्री, राग मानू नका. तुम्ही फार चांगले मिस्त्री आहात."

"मग?"

"मग काही नाही. चांगले मिस्त्री आहात, एवढंच." आणि खटखट सुरू केली.

दोन दिवस मी त्यांच्यावर चिडून होतो. तिसऱ्या दिवशी पाव घेऊन जेवायला बसलो. 'मग राहते' हे तिचे शब्द मला ऐकू यायला लागले, दुकानातल्या गर्दीशिवाय, नुसते. मी उठलो आणि ठरवलं की जाऊन तिला घेऊन यायचं. फोनवर नाही बोलायचं. समोर जाऊन बोलायचं.

बसने गेलो असतो तर लवकर गेलो असतो. पण तिचं सामान, सोबत नेलेली गोधडी, शिलाईचं गाठोडं, हे सगळं बसमधून कसं आणणार? शिवाय मला ती माझ्या गाडीत शेजारी बसायला हवी होती. आता माझी गाडी म्हणजे रंग उठलेल्या बोनेटची जुनी व्हॅन. आणि सगळ्यांचे ब्रेक करणाऱ्याच्या स्वतःच्या गाडीचं पायडल अर्ध्यापर्यंत खाली जात होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. गावातल्या गावात तेवढ्यावर चालून जायचं, पण मध्ये घाट होता. मोठा, वळणावळणांचा, पलीकडच्या बाजूला सतत उतार. तो उतार त्या पायडलवर उतरलो असतो तर बायकोकडे न जाता थेट देवाकडेच पोचलो असतो.

सकाळी गॅरेजचं दार लावून घेतलं. कुणाची गाडी घ्यायची नाही म्हणून. व्हॅन जॅकवर चढवली, खाली टेकूच्या लोखंडी घोड्या लावल्या, हाताने हलवून पाहिल्या. चारही चाकं काढली. मागच्या एका चाकाच्या आतल्या रबरातून तेल झिरपत होतं, ते रबर बदललं. मग डबीत नवं तेल भरलं. ब्रेक ऑइलचा डबा नवीन आणला की त्यावरचं ही मला वाचून दाखवायची, कारण मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. त्या दिवशी डबा घेऊन मास्तरांकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून वाचलं, मग विचारलं, "कुठे निघालात?"

"घाटापलीकडे."

मास्तरांनी डबा माझ्या हातात दिला आणि जन्मात पहिल्यांदा पुढे काही विचारलं नाही.

सगळ्यात लांबचं चाक आधी धरायचं, हा नियम. मागचं डावं. झाकण लावलं, वायसर जागेवर बसला का बघितलं, पंप मारला. घड्याळाचा काटा जिथे मी नखाने खूण केली होती तिथवर चढू दिला, पुढे नाही. मग झाकणाच्या कडेने बोट फिरवलं. कोरडं. गाडीखाली शिरलो, निपलला नळी लावली, नळीचं टोक तेलाच्या बाटलीत बुडवलं आणि पान्हा फिरवला.

आधी काळं तेल आलं. इतकं काळं की मला लाज वाटली. मग बुडबुडे, मोठे, एकामागून एक. मग बारीक, खसखशीसारखे. मग तेलाचा रंग पिवळा झाला आणि धार काचेसारखी. तरी मी वाहू दिली थोडी. दुसऱ्याच्या गाडीला मी इतकं तेल सोडत नसे. आवळलं. बाहेर आलो, दाब सोडला, झाकण काढलं, तेल भरलं, पुन्हा लावलं. मागचं उजवं. पुन्हा तसंच.

पुढच्या डाव्या चाकाला घोळ झाला. पान्हा लावला आणि निपल फिरेना. गंज चढलेला. जोर लावला तर ते मोडणार आणि मोडलं तर सगळा जाण्याचा बेत बोंबलणार. अशा वेळी ही वर बसलेली असली की म्हणायची, "घाई करू नका, त्यालाही कंटाळा आलाय." मी रॉकेलचे थेंब सोडले आणि वाट बघत चाकाशी बसून राहिलो. काही करायला नव्हतं. पंपातला दाब हळूहळू उतरत होता, काटा खाली येताना दिसत होता. बाहेर मास्तरांची मशीन चालू-बंद, चालू-बंद. इतक्या वर्षांत एखाद्या गाडीशी मी असा नुसता बसून राहिलोय, असं कधी झालं नव्हतं. मग हलक्या हाताने हातोडीची टिचकी मारली, पान्हा लावला, आणि निपल हळूच सरकलं.

चारी चाकं झाली. मी गाडीत चढून बसलो आणि पायडल दाबलं. वरच्या वरच थांबलं. दगड. पुन्हा दाबलं. दगड. मला मोठ्याने म्हणावंसं वाटलं, "कडक आहे!" म्हणजे खालच्या माणसाला ऐकू जाईल असं. ही म्हणायची तसं. खाली कोणी नव्हतं. मी चाकं चढवली आणि कपडे बदलायला घरात गेलो.

दुसऱ्या सकाळी निघालो. घाट चढलो, माथ्यावर थांबलो, चहा घेतला. उतार लागला तेव्हा पुढच्या ट्रकमागून एकेक वळण घेत गेलो. पाय ठेवीन तिथे गाडी थांबत होती.

धाकटीचं घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. हिनेच दार उघडलं. खांद्यावर पोर, पोरीच्या मुठीत हिचे केस. मला बघून तिने पहिलं काय विचारलं असेल?

"गाडीनं आलात? त्या ब्रेकवर?"

"केले."

"कोणी पाय मारला?"

"एकट्यानेच."

ती बाजूला झाली, मी आत गेलो. जावई कामावर होते. धाकटी बाजारात गेली होती. हिने पोरीला सतरंजीवर ठेवलं, पुढ्यात पातेलं आणि चमचा दिला, आणि चहाला आधण ठेवलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा. वाटेत शंभरदा घोकलेलं सगळं विसरलो होतो.

"तू काही बोलली नाहीस कधी," मी म्हटलं.

"काय बोलायचं होतं?"

"की यायचंय म्हणून."

तिने गॅस बारीक केला आणि वळली. "मी बोलायचं? अहो, आख्खा जन्म पायडलवर कुणी बसवलं मला? तुम्ही सांगितल्याशिवाय पाय उचलायचा नाही, हे कुणी शिकवलं? ओरडून शिकवलंत. मी आपली थांबले. या रविवारी सांगतील, पुढच्या रविवारी सांगतील. हातातलं टाकून धावायचे फोनला. आणि तुम्ही सांगता काय, तर वायसर बदलला!"

"मास्तर शेजारी उभे असायचे."

"मग त्यांना सांगायचं, कानात कापूस घाला. शिंप्याच्या दुकानात कापसाला काय तोटा?"

मला हसू आलं. तिला आलं नाही. पोरीने पातेल्यावर चमचा आपटला.

"आता सांगतो," मी म्हटलं. "मला एकट्याला करमत नाही. घरी चल."

तिने पदराने तोंड पुसलं. चहा उतरवला. मग गाळला, मला दिला आणि हळू आवाजात म्हणाली, "धाकटीला मी वर्षभर राहते म्हणून सांगितलं. तिने कामावर होकार कळवला. येत्या सोमवारी रुजू व्हायचंय तिला."

"कधी सांगितलंस?"

"तुम्ही म्हणालात ना, तुझ्यावाचून काही अडत नाही. तो फोन ठेवला आणि सांगितलं."

मी चहा प्यायलो. धरलेलं मध्येच सोडलं की काय होतं, हे तिला मीच शिकवलं होतं. मी एवढंच म्हटलं, "वर्ष काय, असं निघून जाईल."

धाकटी आली. मला बघून आधी हरखली, मग आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघून पिशवी हातातच धरून उभी राहिली. "आई, तुला जायचं असेल तर..." ती म्हणायला लागली.

"मी कुठे जातेय?" ही म्हणाली. "भाजी काढ ती पिशवीतून, कोमेजते आहे."

"मग बाबा, तुम्हीच राहा ना इथे."

"त्यांना नको," ही म्हणाली. "दोन दिवसांत तुमचा पंखा उघडून बसतील."

ते खरंच होतं. दोन दिवस राहिलो आणि जावयांचा नळ, दाराची कडी आणि पोरीच्या पाळण्याचं चाक, एवढं उघडून झालं. तिसऱ्या दिवशी निघालो. ही पोरीला घेऊन खाली गाडीपर्यंत आली. "घाटात सावकाश जा," म्हणाली. "आणि फोनवर यंत्राचं काही सांगू नका आता. भाताचं सांगा. करपला की कच्चा राहिला, तेवढं सांगा."

शेजारची सीट रिकामी घेऊन मी घाट चढलो आणि उतरलो. एकदाही ब्रेकने दगा दिला नाही.

त्यानंतर महिन्यातून एकदा मी जायचो. घरात पाच माणसांना बसायला जागा नसायची, म्हणून मी आणि ही पोरीला घेऊन खाली व्हॅनमध्ये जाऊन बसायचो. पोर हॉर्न वाजवायची, वरून कोणीतरी ओरडायचं. ही सगळ्या महिन्याचं सांगायची, मीही सांगायचो. माझ्या तोंडात नळी नव्हती, तेव्हा मला बोलावं लागायचं, आणि मी बोलायला शिकलो. भात जमायला लागला होता, हेही तिला सांगितलं. तिला खरं वाटलं नाही. म्हणाली, आल्यावर खाऊन बघीन.

धाकटीची मुलगी दीड वर्षाची होत आली असताना, थंडी सरता सरता, माझी बायको धाकटीच्या घरी वारली. सकाळी धाकटी उठवायला गेली तर ती उठली नाही. तिने कबूल केलेलं वर्ष भरायला तेव्हा थोडेच दिवस उरले होते.